तूर भरण्याआधी भुंग्याचे पाहा

‘महिन्याच्या खर्चाला कात्री’ या रविवारच्या लेखात वर्षाची तूर हंगामातच भरून ठेवण्याचा सल्ला आहे. सल्ला बरोबर, पण अर्धा. भुंग्याची मादी शेतातच शेंगेवर अंडी घालते. अळी दाण्यातूनच घरी येते, त्यामुळे कोठी कितीही पुसली तरी पावसाळ्यात दाण्यांना भोके दिसतात आणि वाचवलेले पैसे पिठासारखे तळाशी साचतात.

म्हणून तूर कडक उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवावी. दाताखाली ‘कट्’ वाजला पाहिजे, नुसता दबला तर ओल आहे. वाळलेली तूर रात्रभर निवू द्यावी. गरम भरली की कोठीला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. घाई नेमकी इथेच नडते. मग किलोला दीड लहान चमचा गोडेतेल चोळून कोठी गच्च भरावी. कडुनिंबाचा पाला घालायचाच तर खडखडीत वाळलेला. ओला पाला उलट ओल वाढवतो. भरडून डाळ करून ठेवली तर भुंगा आणखी कमी लागतो.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)