‘मोअर अँड मोअर’ नेमकं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या इंग्रजी तक्रारपत्रांत ‘द प्रॉब्लेम इज इन्क्रीझिंग मोअर अँड मोअर डे बाय डे’ हे वाक्य हमखास सापडतं. आपलं ‘दिवसेंदिवस वाढतच चाललंय’ तसंच्या तसं उतरवलेलं असतं. पण ‘इन्क्रीझिंग’मध्येच वाढ आली, तीच आणखी दोनदा कशाला सांगायची? ‘द प्रॉब्लेम इज गेटिंग वर्स’ एवढं पुरतं. तयार नमुना-पत्रांतूनच हे वाक्य मुलांच्या वहीत उतरतं, याचं वाईट वाटतं.

त्याहून मोठी गफलत होते संख्या आणि वारंवारता यांत. ‘मोअर अँड मोअर ट्रेन्स आर लेट’ म्हणजे रखडणाऱ्या गाड्या वाढल्या. पण एकच गाडी पूर्वी महिन्यातून एकदा रखडायची आणि आता आठवड्यातून दोनदा रखडत असेल, तर ‘द ट्रेन इज लेट मोअर अँड मोअर ऑफन’ असंच लिहायला हवं. नुसतं ‘इन्क्रीझिंगली लेट’ लिहिलं, तर उशिराची मिनिटं वाढली की उशिराचे दिवस, याचा पत्ता लागत नाही. तक्रार वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तर नेमकं तेच हवं असतं. ‘इन्क्रीझिंगली ऑफन’ चालेल; ‘इन्क्रीझिंगली मोअर ऑफन’मध्ये ‘मोअर’ फुकटचं आहे.

मराठीत ‘जास्त गरम’ म्हणताना ‘गरम’ बदलत नाही, म्हणून मुलं ‘मोअर अँड मोअर हॉट’ लिहितात आणि दुरुस्त करायला सांगितलं की ‘मोअर हॉटर’. ‘हॉट’सारख्या छोट्या विशेषणाचं तुलनेचं रूपच दोनदा येतं: ‘हॉटर अँड हॉटर’. ‘मोअर अँड मोअर’ लागतं ते ‘एक्स्पेन्सिव्ह’सारख्या लांब विशेषणाला. त्यापुढे ‘दॅन’ जोडू नये, कारण तुलना आधीच्या स्थितीशी असते, दुसऱ्या वस्तूशी नाही.

‘मोअर ऑफन दॅन नॉट’ याचा तर वाढीशी संबंधच नाही. त्याचा अर्थ ‘बहुतेक वेळा’. दहा वर्षं काहीही न बदललेल्या गोष्टीलाही ते लागू पडतं.

आणि नोंद हाताशी असेल, तर ‘मोअर अँड मोअर ऑफन’चीही गरज नाही. ‘ट्वाइस अ वीक, अप फ्रॉम वन्स अ मन्थ’ असं सरळ लिहावं.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, सातारा