विजयदुर्ग, हेलियम आणि लॉकियर

संपादक महोदय,

१८ ऑगस्ट जवळ आला की विजयदुर्गाच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकियरने हेलियम शोधला, असे छापून येते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या दिवशी किल्ल्यावर नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या वर्णपटात सूर्यज्वाळांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पाहिल्या. लॉकियरने हीच युक्ती स्वतंत्रपणे लंडनमध्ये २० ऑक्टोबरला साधली. खरा घोळ त्यांतल्या पिवळ्या, म्हणजे हेलियमच्या रेषेचा. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर, हेलियमची ही ५८७.६ वर. अंतर जेमतेम दीड नॅनोमीटर, त्यामुळे अनेकांनी ती सोडियमचीच मानली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला, युरेनियमच्या खनिजातून.

किल्ल्यावर मुलांना नुसती भाषणे ऐकवण्यापेक्षा हा फरक दाखवा. वर्णपट पाहायला तीस सेंटिमीटरच्या खोक्याला एका टोकाला दोन ब्लेडांची ०.२ मिलिमीटरची फट, दुसऱ्या टोकाला प्रकाशाचे रंग वेगळे करणारा डीव्हीडीचा सोललेला तुकडा. सीडी नको, तिच्या रेघा विरळ. फटीसमोर सोडियमसाठी मिठाच्या पाण्यात भिजवलेली वात जाळा, मग शाळेतली विजेवर उजळणारी हेलियमची नळी. फट मिलिमीटरभर झाली की दोन्ही पिवळे एकमेकांत मिसळतात. बहुतेक खोकी इथेच फसतात. आणि सूर्याकडे खोके रोखू देऊ नका.

– एक विज्ञान शिक्षक, देवगड