कानातला मासा

कोल्हापूर, रविवार दुपार

प्रिय सुन्या,

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग तुझी कीव आली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई जिन्यात जर्मनमध्ये काहीतरी बोलायच्या, तू मान डोलवून ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणायचास आणि असं तीन वर्षं गुण्यागोविंदाने चाललं होतं. नाताळात त्यांनी बिस्किटांची बशीसुद्धा पाठवली होती. मग तुला अवदसा आठवली आणि ती भाषांतर करणारी इयरबड्स घेऊन आलास. पहिल्याच दिवशी कळलं की बाई तीन वर्षं एकच गोष्ट सांगताहेत: तुझ्या केअरवोखेत, म्हणजे झाडलोटीच्या पाळीत, जिन्याचे कोपरे तसेच राहतात!

ही भानगड हिला सांगितली. दारावर पाटी लागली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली, एवढं ऐकून ती म्हणाली, “मग बरोबरच आहे त्यांचं. भाऊजी हॉस्टेलवर तरी कुठे झाडायचे?”

हॉस्टेलवरून आठवलं. डग्लस ॲडम्सच्या ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या गोष्टीवरचा तो १९८४ चा गेम आपण रात्रभर खेळत बसलो होतो. चित्र नाही, काही नाही, नुसती टाइप केलेली वाक्यं. मशीनचं बटण दाबलं की बेबल फिश, म्हणजे भाषांतर करणारा मासा, बाहेर यायचा आणि कानात पडायचा सोडून भिंतीतल्या भोकात जायचा. गाऊन खुंटीला अडकवून भोक झाकलं, तर मासा जमिनीतल्या जाळीत. जाळीवर टॉवेल टाकला, तर साफसफाईचा रोबो येऊन मासा घेऊन जायचा. पहाटे केव्हातरी मासा एकदाचा कानात पडला तेव्हा तू असा ओरडलास की रेक्टर उठून आले. तोच मासा आता तू पैसे मोजून विकत आणलास, आणि वर माझ्याकडे तक्रार करतोस!

अरे, त्या गोष्टीत सगळं आधीच लिहून ठेवलंय. १९७८ साली बीबीसीच्या रेडिओवर ती पहिल्यांदा आली. पिवळा, जळवेसारखा इवलासा मासा. कानात घातला की विश्वातली कुठलीही भाषा समजते. गोष्टीतला नायक आर्थर बिचारा नुकताच पृथ्वी गमावून परग्रहवाल्यांच्या यानात लपलेला. स्पीकरवरून नुसत्या गुळण्या केल्यासारखे आवाज येत असतात. मित्र त्याच्या कानात मासा कोंबतो आणि त्या गुळण्यांचा अर्थ लागतो. काय अर्थ? तर कप्तान सांगत असतो की फुकटे प्रवासी सापडले की त्यांना यानाबाहेर फेकणार, आणि नशीब चांगलं असेल तर त्याआधी माझ्या कविता ऐकवणार. गुळण्याच बऱ्या होत्या की रे!

ॲडम्स पुढे म्हणतो की या माशाने सगळ्यांना सगळ्यांचं बोलणं कळायला लागलं, आणि म्हणूनच विश्वात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात भीषण लढाया झाल्या. १९९७ साली अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनने आपल्या भाषांतराच्या सेवेला या माशाचंच नाव दिलं. हे वाक्य त्यांनी वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

इतरांनी केलेल्या गमतीही आहेत. ‘फ्युचरामा’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या म्हाताऱ्या प्रोफेसरचं यंत्र सगळ्याचं भाषांतर करतं, पण कुणालाच न कळणाऱ्या एका मृत भाषेत, म्हणजे फ्रेंचमध्ये. फ्रेंच आवृत्तीत ती मृत भाषा जर्मन केलीय. हे तुझ्या आजीबाईंना सांगू नकोस. पण हे विनोद यंत्र बिघडण्यावरचे. ॲडम्सचा मासा बिघडतच नाही, चोख काम करतो, आणि घात होतो तो त्यामुळेच.

आता माझं ऐक. आमच्या लग्नाची बोलणी धारवाडला झाली. तिकडे कन्नड, आमच्याकडे मराठी, आणि मध्ये बेळगावचे मामा. तू आला नव्हतास, म्हणून तो सोहळा तुला माहीत नाही. मामा मधोमध बसलेले, हातात उप्पिटाची बशी, ती काही रिकामी होत नव्हती. आमच्या आत्याने नाक मुरडून विचारलं, “मुलगी जरा बुटकीच नाही का?” मामांनी घास गिळला आणि कन्नडमध्ये दोनच शब्द टाकले. समोरच्या बायका लाजून हसल्या. मग हिचे आजोबा काठी आपटत चांगली पाच मिनिटं बोलले. आम्ही श्वास रोखून बसलेलो. मामा म्हणाले, “चहा घ्या म्हणताहेत.”

लग्नानंतर दोन वर्षांनी हिने खरं सांगितलं. आत्याचं वाक्य तिकडे ‘मुलगी पसंत’ असं पोचलं होतं. आणि आजोबांचं म्हणणं होतं की मुलगा एवढी बडबड करतो, तर नोकरी करायला वेळ कधी मिळतो!

मामा जाऊन चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीला सासूबाई आल्या, तेव्हा बाबांनी हौसेने मोबाइलवर भाषांतराचं ॲप घेतलं. सासूबाईंनी धाकट्या मुलाला बढती मिळाल्याचं सांगितलं. बाबा खूश होऊन फोनमध्ये म्हणाले, “तुमच्या तोंडात साखर पडो!” फोनने इमानेइतबारे एकेक शब्द कन्नडमध्ये करून दिला. सासूबाईंचा चेहरा उतरला. आत जाऊन हिला म्हणाल्या, “माझी शुगर दोनशे चाळीस आहे, हे तुझ्या सासऱ्यांना माहीत नाही का?” मामा असते तर ‘अभिनंदन’ म्हणून मोकळे झाले असते आणि वर अजून एक धारवाडी पेढा उचलला असता.

तर तू असं कर. पाटी दारावर आली की कोपऱ्यांतून नीट झाडू फिरव. हिने तुझ्यासाठी शंकरपाळ्या केल्यात, पुढच्या आठवड्यात पार्सल टाकतोय; त्यातल्या अर्ध्या आजीबाईंना नेऊन दे. जाताना इयरबड्स घरी ठेव. त्या काहीही म्हणाल्या तरी मान डोलव आणि ‘डांके’ म्हण.

तुझा,
बाळ्या

ता. क. शंकरपाळ्यांवर त्या काय म्हणाल्या ते मात्र मला कळव. म्हणजे, तुला जे वाटलं ते.