ट्रॅकवर नवे कोरे टायर नकोत

मा. संपादक,

कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी चालक रोजच्याच टायरवर गाडी पळवतात. त्यासाठी खास नवे टायर घालणे म्हणजे पैसे जाळणे. नव्या टायरची ८ मिलिमीटर उंचीची नक्षी वळणावर वाकते, तापते आणि तिचे तुकडे उडतात. ४-५ मिलिमीटर उरलेले बरे. मात्र कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा: '२३१६' म्हणजे टायर २०१६च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. असा जुना टायर नकोच, नक्षी कितीही असो.

थंड टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय कमी ठेवा. तापल्यावर ती वाढतेच. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून कड सुरू होते तिथे, खडूची आडवी रेघ कडेपर्यंत ओढा. गाडी पळवल्यावर ती कडेवरच्या छोट्या त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसली गेली, तर हवा कमी आहे. हवा मोजायची ती पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत) शिरताच, गरम असताना. घरी निघण्यापूर्वी हवा पूर्ववत भरा. नेमके हेच राहून जाते.

– एक वाचक, पुणे