टोरांटोहून बाबांच्या प्रश्नाला उत्तर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

माझी तब्येत उत्तम आहे. 'इतकी वर्षे पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला तिकडे शिकवणी कसली लागते?' हा बाबांचा प्रश्न मनाला लागला, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ही शिकवणी नव्हे. इथली ट्रिएक ही संस्था २००४ सालापासून परदेशातून आलेल्यांची, त्यांच्याच व्यवसायातल्या जाणत्या माणसाशी गाठ घालून देते. आमच्याकडून पैसे घेत नाहीत. सुरुवातीच्या काळात चार महिन्यांत २४ तास भेटायचे असा नेम होता, आणि आजही मुदत आखूडच असते. मार्गदर्शक नोकरी लावून देत नाही, हे आधीच बजावले जाते. इथल्या ओंटारिओ प्रांतात इंजिनिअरच्या परवान्यासाठी कॅनडातल्याच अनुभवाची अट मे २०२३ मध्ये उठली. पण कंपन्यांना ओळखीपाळखीचा माणूस लागतो, आणि माझी इथे ओळख नाही, एवढीच अडचण आहे.

माझ्या मार्गदर्शकांनी बायोडेटावरचा फोटो, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव काढायला लावले. बाबा, तुमचे नाव काढताना हात अडखळला.

इथली कॉफीची रीत मात्र समजावून सांगायला हवी. अनोळखी माणसाला पत्र लिहून वीस मिनिटे मागायची, कॉफी घेत त्याच्या कामाविषयी विचारायचे, नोकरीचा शब्दही काढायचा नाही, निघताना 'आणखी कोणाशी बोलू?' एवढे विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने आभार कळवायचे. वशिला नव्हे हा. जागा निघाली की त्यांना आपले नाव आठवावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप असतो. आपल्याकडे घरी आलेला माणूस चहा झाला की थेट कामाचे बोलतो, त्यामुळे मला हे फार जड गेले, पण आता जमते.

आई, गोदामातले काम तात्पुरते आहे आणि मी वेळेवर जेवतो. काळजी करू नये.

वैशालीच्या लग्नाच्या कार्यालयाची आगाऊ रक्कम मी या महिन्यात पाठवतो. बाकीची चैत्रापर्यंत जमवीन, तोवर उसाच्या तुकड्याचा सौदा करू नये, ही कळकळीची विनंती. साखरपुड्याला मला येता येणार नाही. तिकिटाचे पैसे लग्नासाठी राखून ठेवले आहेत. वैशालीला हे तुम्ही सांगू नका, मी स्वतः रविवारी फोन करून सांगतो.

तुमचा,
संजू