ताटल्या घासून ठेव

मुलुंड, १६ नोव्हेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या बाल्कनीत पुन्हा टोमॅटोची ६ रोपं लावलीस म्हणालीस आणि मी फोनवर गप्प झालो. तुला वाटलं, रागावलो. तसं नव्हतं. कुंड्यांखाली ताटल्या आहेत का, हे विचारायचं होतं, पण आई शेजारीच बसली होती.

यंदाचे टोमॅटो फुकट गेले ते मनाला लावून घेऊ नकोस. जूनमध्ये रोपं आणलीस तेव्हा मीच अडवायला हवं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात ऊन नसतं, रात्रीही उकाडा, फुलं गळणारच. वर पांढरी माशी, पानं मुरडली. ५ झाडांना ७ टोमॅटो, त्यातले ३ बुडाशी काळे. ती कीड नव्हती. पाणी कधी भरमसाट, कधी नाहीच, असं झालं की कॅल्शियम फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही. आता रोज मातीत बोट घालून बघ, ओल असेल तर पाणी नको. फुलं आली की देठाला हलकी टिचकी मार.

आणि ताटल्या. पाणी नुसतं ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने टिकतात. दर रविवारी घास.

पुन्हा तेच लिहिलं. माफ कर, तू लहान नाहीस. डेंग्यूत प्लेटलेट २२ हजारांवर आल्या तेव्हाही, हाताला सलाईन असताना, तू विचारलंस, "बाबा, झाडांना पाणी घातलं?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो होतो.

त्या ताटल्या मीच ठेवल्या होत्या, खालच्या काकूंच्या कपड्यांवर पाणी गळतं म्हणून. त्या रात्री घरी येऊन सगळ्या उलट्या केल्या. एकीत अळ्या वळवळत होत्या. आईला अजून सांगितलेलं नाही. तुला चावलेला डास आपल्याच गॅलरीतला होता की ऑफिसातला, कोण सांगणार? पण डेंग्यूचे विषाणू ४ प्रकारचे, दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर जास्त जड जाऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू झोपली होतीस. मी जागा होतो.

झाडं लाव, मनू. लावू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. टोमॅटो संपले की त्याच मातीत पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची नको. फेब्रुवारीत गवार लाव. माईआत्या शनिवारी येतेय, तिच्याबरोबर बी देतोय. पिशवीत तळाशी काथ्याची घासणी आहे.

तुझा,
बाबा