पोटाची कळ थांबते, तलफ थांबत नाही

महोदय,

गर्द, अफू किंवा ट्रॅमाडॉल या अफूसारख्या वेदनाशामकाची सवय जडलेल्या माणसाला ते मिळेनासे झाले की नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. मग घरचे लोक दुकानातून डायसायक्लोमिनसारखी पोटदुखीची गोळी आणतात, कळ ओसरते आणि व्यसनावर उतारा सापडला असे त्यांना वाटू लागते.

गोळीने आराम पडतो, हे खरेच आहे. अफूतील मॉर्फीन आतड्यातील मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलिन हे आतड्याला आकुंचन पावायला लावणारे रसायन बाहेर पडू देत नाही, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ विल्यम पॅटन यांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर दाखवले होते. रोज दाबून ठेवलेले हे रसायन नशा बंद होताच उसळते. डायसायक्लोमिन त्याचा परिणाम अडवते, म्हणून मुरडा थांबतो. मात्र अस्वस्थता, निद्रानाश आणि मुख्य म्हणजे तलफ यांवर तिचा इलाज चालत नाही.

हा मोह जुनाच आहे. न्यूयॉर्कचे डॉ. अलेक्झांडर लँबर्ट यांनी १९०९ मध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचे मिश्रण मॉर्फीनच्या रुग्णांना घसा कोरडा पडून बाहुल्या विस्फारेपर्यंत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बेलाडोनातील ॲट्रोपिन व स्कोपोलामिन आपल्याकडच्या धोतऱ्यातही असतात, त्यामुळे कोणी धोतऱ्याचा काढा सुचवला तर त्यापासून चार हात दूरच राहावे. त्याने भ्रम होतो, लघवी अडते आणि जीवही जाऊ शकतो.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अफूसारखे वेदनाशामक आणि पोटदुखीचे औषध एकाच कॅप्सूलमध्ये घालण्याची प्रथा. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हे असे वेदनाशामक आणि डायसायक्लोमिन असलेल्या कॅप्सूलमधील भुकटी पाण्यात कालवून शिरेत टोचून घेतल्याने मिझोराम-नागालँडमधील कितीतरी तरुणांच्या हातापायांवर गळवे आणि चिघळलेल्या जखमा झाल्या. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनवर २०१३ मध्ये बंदी आली, तेव्हा त्याची जागा ट्रॅमाडॉलने घेतली. पुढे २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. दोन्ही घटक आतडे मंद करतात आणि लघवी अडवतात, तेव्हा ते एकत्र देण्याची गरज काय, हे औषध प्रशासनाने जाहीरपणे सांगावे.

खरा उपचार ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या तलफ आवरणाऱ्या औषधांचा असून तो शासकीय केंद्रांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो. पोटदुखीची गोळी त्याला जोड म्हणून डॉक्टर देतीलही. आपल्या दैनिकाने व्यसनमुक्तीच्या बातम्यांसोबत जिल्ह्यातील अशा केंद्रांचे पत्तेही छापावेत, ही विनंती.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक